कांदा चाळीला वारा लागतो, मग माणसांच्या खोलीला नको का? बंद खोलीतून फ्लू असा पसरतो

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रावण चालू होता, चार दिवस उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं, नुसती भुरभुर. धाकटी पोरगी शाळेतून आली तीच अंग दुखतंय म्हणत. रात्री ताप १०२. आम्हाला वाटलं भिजली असेल. तिला आप्पांच्या खोलीत झोपवली, कारण घरात तेवढीच खोली कोरडी होती. कोरडी का होती, तर तिच्या दोन्ही खिडक्या मीच जून लागायच्या आधी बंद करून टाकल्या होत्या. शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा बाहेरून लावला आणि वर लाकडी पट्ट्या ठोकल्या. पाण्याचा थेंब आत येत नव्हता. वाराही येत नव्हता, पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

पोरगी चार दिवसांत अंगणात उड्या मारायला लागली. त्याच दिवशी आप्पांना ताप भरला. वय ७४, दम्याचा जुना त्रास. दोन दिवस गावातच गोळ्या घेतल्या, तिसऱ्या रात्री धाप इतकी लागली की वाक्य पुरं करता येईना. शेजाऱ्याची गाडी काढली आणि तालुक्याला नेलं. पाच दिवस ऑक्सिजनवर होते. तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला, म्हणजे आपण ज्याला फ्लू म्हणतो तो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी औषधांचं विचारून झाल्यावर एक वेगळाच प्रश्न केला. "बाबा झोपतात त्या खोलीला खिडकी आहे का? उघडी असते का?" मी कागदाचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढच्या पेशंटकडं गेल्या.

घरी आलो तर समोर कांद्याची चाळ. चाळ बांधताना मी किती डोकं लावलं होतं. खालून दीड-दोन फूट मोकळी जागा, बाजूच्या पट्ट्यांत फटी, थर फार उंच करायचा नाही, नाहीतर मधला कांदा कोंडून सडतो. एक कांदा सडला की शेजारचे दहा घेऊन जातो, हे आपल्याला शाळेत न जाता कळतं. आणि त्याच हातांनी मी बापाच्या खोलीला कागद ठोकला होता. पट्ट्या त्याच दिवशी उपटल्या. तेव्हापासून या विषयाचं जिथं मिळेल तिथं वाचतोय, दवाखान्यात विचारतोय. त्यातलं आपल्या कामाचं आहे ते इथं मांडतो.

आधी फ्लू म्हणजे काय ते

प्रत्येक सर्दी फ्लू नसते. साध्या सर्दीत नाक वाहतं, घसा खवखवतो, माणूस कामाला जातो. फ्लू एकदम येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात. ताप, थंडी, अंग मोडून येणं, डोकं दुखणं, कोरडा खोकला. तरण्या माणसाला आठवड्यात बरं वाटतं, खोकला मात्र दोन आठवडे मागं लागतो. म्हातारी माणसं, लहान बाळं, गरोदर बाया, दमा, साखर किंवा हृदयाचा त्रास असलेले यांना तो फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतो.

लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांनी, कधी एका तर कधी चार दिवसांनी ताप येतो. पण खरी अडचण वेगळीच आहे. ताप यायच्या एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. पुढं पाच-सात दिवस देतच राहतो, लहान पोरं तर त्याहून जास्त. म्हणजे "ताप आलेल्याला घरी ठेवा" हे बरोबर असलं तरी तेवढ्यानं भागत नाही. ज्याला अजून काहीच झालेलं नाही असा पोरगाही वर्गात बसून सोडत असतो.

आपल्या महाराष्ट्रात फ्लूचे दोन हंगाम आहेत. एक पावसाळ्यात आणि दुसरा जानेवारी ते मार्च. थंड देशांत तो हिवाळ्याचा आजार, आपल्याकडं पावसाळ्यातही जोर धरतो. दोन्ही वेळेला एक गोष्ट सारखी असते. माणसं आत बसतात आणि खिडक्या लावून घेतात.

हा आजार आपल्याला नवा नाही. १९१८ ची साथ जुन्या माणसांच्या बोलण्यात "मानमोडी" म्हणून राहिली. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि तिथून आत पसरली. इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. २००९ चा स्वाइन फ्लू तर आपण बघितलाच. देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, रुमालाचे मास्क करून लोक एसटीत बसत होते. तोही इन्फ्लुएंझाच. आता तो दरवर्षीच्या साध्या फ्लूमध्येच मिसळून गेलाय.

फवारणी करणाऱ्याला हे लगेच कळेल

आपल्याला आजवर काय सांगितलं? खोकताना तोंडावर रुमाल धरा, हात धुवा, तीन फूट लांब उभे राहा. हे चुकीचं नाही. साबणानं फ्लूच्या विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं, म्हणून हात धुतलेच पाहिजेत. पण हे अर्धंच आहे. कारण या सांगण्यामागं समजूत अशी होती की शिंतोडे जड असतात, दोन-तीन फुटांवर खाली पडतात, त्यापलीकडचा माणूस सुरक्षित.

आता पाठीवर पंप घेतलेल्या कुणालाही विचारा. नोझल मोठं असलं की थेंब खाली पडतो, पानावर बसतो. नोझल बारीक असलं की नुसतं धुकं होतं आणि ते वाऱ्यावर जातं. शेजाऱ्यानं उसात टू-फोर-डी मारलं आणि आपल्या कपाशीची पानं आकसली, यावरून किती भांडणं झालीत आपल्याकडं. तिथं कुणी म्हणतं का, की फवारा तीन फुटांवर पडतो म्हणून?

माणसाच्या तोंडातून दोन्ही प्रकार निघतात. खोकताना, शिंकताना मोठे थेंब उडतात. पण बोलताना, गाताना, मोठ्यानं पाढे म्हणताना आणि नुसता श्वास सोडतानासुद्धा बारीक धुकं निघतं. त्यातला ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो. एक मायक्रॉनचा कण तर कित्येक तास तरंगतो. मायक्रॉन म्हणजे किती, तर आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आजाऱ्याच्या अशा कणांमध्ये विषाणू असू शकतो. मोकळ्या रानात ते वाऱ्यानं पांगतात. बंद खोलीत ते साठत जातात आणि आत बसलेला प्रत्येक जण तेच ओढत राहतो. बिडी ओढणारा खोलीच्या एका कोपऱ्यात बसला तरी वास दुसऱ्या कोपऱ्यात येतोच ना, तसंच. फरक एवढाच की याला वास नाही.

याचा एक पुरावा बघा, जरा लांबचा आहे, थेट अलास्कातला. १९७७ साली तिथं एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळं जमिनीवरच तीन तास उभं राहिलं. आत ५४ माणसं होती. त्या वेळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांपैकी एका बाईला फ्लू झालेला होता. पुढच्या तीन दिवसांत विमानातली ७२ टक्के माणसं आजारी पडली. एका जागेवरून एक बाई खोकत होती, आणि शंभरातल्या बहात्तर जणांना ताप. ते सगळे काही तिच्या तीन फुटांत बसलेले नव्हते.

हे विमान वाचल्यावर मला आपली सकाळची काचा लावलेली एसटी आठवली. पाऊस येतो म्हणून काचा बंद, शाळा-कॉलेजची पोरं दाटीवाटीनं उभी, काचांवर आतून वाफ धरलेली. ती वाफ कशाची? सगळ्यांच्या श्वासाचीच.

आळिंबीवाल्याचं मीटर

हवा कोंदली हे ओळखायचं कसं? पहिलं मीटर आपलं नाक. बाहेरून खोलीत शिरल्याबरोबर कोंदट, उबट वास आला तर समजायचं. पण आत दहा मिनिटं बसलं की नाक सरावतं आणि काही कळत नाही. म्हणून बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं.

दुसरं मीटर विकत मिळतं. आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो, याला पीपीएम म्हणतात. आपल्या सोडलेल्या श्वासात तोच ४० हजारांच्या आसपास असतो. तेव्हा खोलीत हा आकडा जितका चढला, तितका आपण एकमेकांचा सोडलेला श्वास पुन्हा आत घेतोय असा त्याचा अर्थ. आकडा ८०० च्या आत असेल तर हवा चांगली खेळतेय, हजार-बाराशेच्या पुढं गेला की खिडकी उघडायची, आणि दोन हजार म्हणजे कोंडवाडा. आता हा वायू म्हणजे काही विषाणू नव्हे. खोलीत आजारी माणूसच नसेल तर दोन हजारालाही फ्लू होणार नाही. पण असला तर काय होईल याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

आमच्या ओळखीचा एक जण धिंगरी आळिंबी पिकवतो. त्याच्याकडं हे मीटर आहे, कारण खोलीत हा वायू वाढला की आळिंबीचे देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते. बाजारात मग भाव मिळत नाही. दोन दिवस त्याचं मीटर मागून आणलं आणि गावात फिरलो.

मारुतीच्या देवळात हरिपाठाला तीस-पस्तीस माणसं होती. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. आकडा बाहेरच्याएवढाच, पाच-दहाचा फरक. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, नाव लिहीत नाही, एका वर्गात चाळीस पोरं, पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या, नुसतं दार उघडं. पंखा गरगर फिरत होता. आकडा दोन हजारांच्या वर. मॅडमला दाखवलं, त्यांनी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायला लावल्या. पंधरा मिनिटांत आठशेच्या खाली आला. मॅडम म्हणाल्या, "तरीच दुपारी पोरं पेंगतात, मला वाटायचं खिचडीमुळं."

तालुक्याच्या एका बँकेत पीक विम्याच्या रांगेत उभा असताना खिशातून मीटर काढलं तर शिपाई धावत आला, त्याला वाटलं फोटो काढतोय. तिथंही आकडा दोन हजारांकडं चालला होता, आणि एसी मात्र जोरात चालू.

आमच्या घरात एक रात्र मुद्दाम खोली बंद करून बघितली. आत आम्ही तिघं. पहाटे आकडा तीन हजारांच्या जवळ. दुसऱ्या रात्री दोन्ही खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवल्या, पहाटे तो हजाराच्याही आत होता. चार बोटंच, जास्त नाही.

कुणाला हिशोबच करायचा असेल तर ढोबळ असा आहे. वीस बाय वीसचा वर्ग, उंची दहा फूट, आत चाळीस पोरं. एक पोरगं तासाला बारा-चौदा लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. वर्ग पूर्ण बंद असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांतच आकडा दीड हजारापर्यंत जातो. प्रार्थना होऊन हजेरी संपेपर्यंत.

पंखा आणि एसी हवा बदलत नाहीत

इथं आपली सगळ्यांची गल्लत होते. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो. खिडक्या उघड्या असतील तर त्याचा उपयोग, बंद असतील तर तो एका कोपऱ्यातला श्वास दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन देतो. भिंतीवरचा स्प्लिट एसीही तसाच. त्याचं बाहेरचं यंत्र फक्त उष्णता बाहेर टाकतं, हवा बाहेरून आणत नाही. आतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणूचे बारीक कण नाही. हल्ली तालुक्याला क्लासेस निघालेत, एका हॉलमध्ये सत्तर-ऐंशी पोरं, काचा कायमच्या बंद, "वातानुकूलित वर्ग" अशी पाटी. फी भरताना आईबाप एसी आहे का विचारतात. खिडकी उघडते का हे कुणी विचारत नाही. मंगल कार्यालयांचं तेच. पूर्वी लग्न मांडवात लागायचं.

यावर उपाय एसी बंद करणं नव्हे. एक खिडकी वितभर उघडी ठेवायची आणि समोरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा. बिल थोडं वाढतं, एवढंच.

कौलं गेली, स्लॅब आला

मी ज्या शाळेत शिकलो ती कौलारू होती. उंच छत, कौलांच्या फटी, समोरासमोर लाकडी खिडक्या, गज आणि दारं. पावसात दोन ठिकाणी गळायचं, तिथं बादली ठेवायची. आता तिथं स्लॅबच्या खोल्या आहेत, डिजिटल बोर्ड आहे, आणि सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. दिसायला छान. पण सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही. एक काच दुसरीवर जाते, म्हणजे चार फुटांच्या खिडकीतून वारा यायला दोनच फूट. त्यातही रुळात माती भरली की तीही सरकत नाही. आणि बऱ्याच खोल्यांना एकाच भिंतीला खिडक्या असतात. वाऱ्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. चाळीला एकाच बाजूनं फटी ठेवून बघा, कांदा काय म्हणतो ते.

याचंही मोजमाप झालेलं आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे, त्याची राजधानी लिमा. तिथं क्षयरोगाचा प्रश्न मोठा, म्हणून संशोधकांनी आठ दवाखान्यांतल्या ७० खोल्यांमधली हवा मोजली आणि २००७ मध्ये ते छापलं. दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली सगळी हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. महागडी यंत्रं बसवलेल्या खोल्यांत १२ वेळा. आणि सगळ्यात चांगल्या निघाल्या त्या १९५० च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. नव्या खोल्या त्यांच्या निम्म्यावरही नव्हत्या. तिथं क्षयाचं मोजलं, पण हवेतून जाणारा कुठलाही आजार घ्या, हिशोब तोच. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं २०२३ मध्ये वापरातल्या खोल्यांसाठी तासाला किमान पाच वेळा हवा बदलावी असं सुचवलंय. आपल्याकडं वारा फुकट आहे, फक्त दोन भिंतींना भोकं पाहिजेत.

म्हणजे मी काही कौलं परत घाला म्हणत नाही. पण नवीन घर, शाळाखोली, अंगणवाडी बांधताना गवंड्याला तीन गोष्टी सांगा. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींना, उघडणाऱ्या दारांच्या, सरकत्या नव्हे. छताजवळ झरोके किंवा जाळीच्या विटा, कारण गरम कोंदट हवा वर जमते. आणि खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा, म्हणजे पावसातही उघडी ठेवता येते. माझ्या घराला मी छज्जा एक फुटाचा ठेवला, दोन पोती सिमेंट वाचवलं. त्याचा जो काही हिशोब झाला तो वर सांगितलाच आहे.

"खिडकी उघडली की मच्छर येतात"

हे आमच्या मंडळींचं पहिलं वाक्य, आणि ते खोटं नाही. डेंग्यूचे दिवस, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली की खोली भरते. फ्लू टाळायला डेंग्यू घ्यायचा का? म्हणून जाळी. खिडकीच्या मापाची नायलॉन जाळी आणि चिकटपट्टी बाजारात मिळते, घरी लावता येते. जाळीनं वारा थोडा कमी होतो, बंद होत नाही. दर पंधरा दिवसांनी झटकायची, नाहीतर धुळीनं बुजते.

जाळी नाही म्हणून खिडक्या लावून कॉइल पेटवायची हे मात्र सगळ्यात वाईट. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. दम्याच्या माणसाला त्या खोलीत झोपवणं म्हणजे काय ते मला आता कळतं, कारण आमच्याकडं तीही चालू असायची.

चुलीचंही यातच येतं. गॅस आहे, पण टाकीचे पैसे बघून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच, कुणी नाकारू नये. धुरानं श्वासनळी आतून सुजते आणि आजाराला जागा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळं जगात २०२० साली ३२ लाख माणसं गेली. चूल ओसरीत किंवा पडवीत न्या, आतच असेल तर धुराडं काढा. आणि फ्लूची साथ आली की घरात धूप, कापूर, शेणीचा धूर करतात. त्यानं हवा शुद्ध होत नाही. विषाणू मरतो म्हणावं इतका धूर केला तर आधी माणूस गुदमरेल.

थंडीत आणखी एक धोका आहे, तो फ्लूपेक्षाही लवकर जीव घेतो. दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. शेगडीजवळ शेकायचं असेल तेवढं शेका, झोपताना ती बाहेर.

बाळ-बाळंतिणीच्या खोलीबद्दल आई ऐकत नाही. बाळाला वारा लागतो म्हणते. तिचंही बरोबर आहे, झोत थेट अंगावर नको. बाज खिडकीसमोरून हलवा, बाळाला गुंडाळा, कान बांधा, आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दोन्ही होतं.

घरात कुणी तापलंच तर

वेगळी खोली असेल तर ती द्या. नसेल तर वारा जिकडून बाहेर जातो त्या खिडकीशी त्याची बाज टाका, म्हणजे त्याचा श्वास घरातून फिरत न जाता बाहेर निघेल. कुठल्या खिडकीतून वारा बाहेर जातो हे कळत नसेल तर उदबत्ती धरा, धूर दाखवतो. साधा टेबल फॅन खिडकीत तोंड बाहेर करून ठेवला तर एक्झॉस्टचं काम करतो. समोरची खिडकी मात्र उघडी पाहिजे, नाहीतर तो नुसता आवाज करेल. सेवा करणाऱ्यानं मास्क लावावा, आजाऱ्यानंही खोलीत कुणी आलं की लावावा. म्हाताऱ्या माणसाजवळ तापलेलं पोर झोपवायचं नाही. हे मी कुणाला शिकवावं असा माणूस नाही, तरी लिहितो.

सलाईन लावली की बरं वाटतं ही गावोगावची श्रद्धा. फ्लू विषाणूचा आजार आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्याचं औषध वेगळं असतं, ऑसेल्टामिविर, आणि ते ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू झालं तर जास्त काम करतं. सगळ्यांना लागत नाही, पण वर सांगितलेल्या जोखमीच्या माणसांनी पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं. आम्ही दोन दिवस गावातल्या गोळ्यांवर घालवले. धाप लागणं, ओठ-नखं निळी पडणं, छातीत दुखणं, माणूस गुंगीत जाणं, बाळानं दूध सोडणं, ताप उतरून पुन्हा जोरात येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

फ्लूची लसही असते. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. तिनं फ्लू होणारच नाही असं नाही, पण जिवावर बेतायचं प्रमाण कमी होतं. आप्पांना यंदा पावसाळ्याआधीच दिली.

शाळेचं काय झालं

मीटरचे आकडे घेऊन मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गेलो. बैठक एका बंद खोलीतच होती, तेव्हा मीटर टेबलावर ठेवलं आणि गप्प बसलो. वीस मिनिटांनी अध्यक्ष स्वतःच उठले आणि खिडकी उघडायला गेले. ती उघडेना. रुळात माती.

मग ग्रामसभेत विषय घेतला. जाळ्या आणि खिडक्यांच्या दुरुस्तीला खर्च फार नाही, पण "कुठल्या हेडमधून टाकायचा" यावर तासभर गेला. एक जण म्हणाला, कोरोना गेला आता, हे काय नवीन काढलं. शेवटी चार वर्गांपैकी दोन वर्गांच्या मागच्या भिंतीला झरोके पाडून मिळाले, आणि सगळ्या खिडक्यांचे रूळ गुरुजींनी पोरांना बाहेर खेळायला सोडून स्वतः साफ केले. दर तासाची घंटा झाली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायचं काम आता वर्गप्रतिनिधीकडं आहे. उरलेल्या दोन वर्गांच्या झरोक्यांचा ठराव झालाय, पैसे आलेले नाहीत. आले की इथं कळवतोच.

आप्पा आता बरे आहेत. जिना चढताना दम लागतो, पूर्वी लागत नव्हता. त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना जाळी बसवली, वर पत्र्याचा छज्जा काढला. परवा पाऊस तिरपा आला आणि अंथरुणाचं टोक भिजलं. मी खिडकी लावायला उठलो, तर म्हणाले, "राहू दे, बाज सरकव."